मनालाही रोजचा गृहपाठ हवा



गेल्या सत्रातील पालक-सभेच्या दिवशी इयत्ता सहावीतील एका विद्यार्थ्याच्या आजी आम्हाला भेटावयास आल्या. नातवाच्या प्रगतीपुस्तकावर सही करून झाली, तरी त्या उठेनात. शेवटी म्हणाल्या, "मॅडम, नातवाला गृहपाठ देता, तसा मलाही काही द्या ना." आम्हाला हसू आले. त्या मात्र हसत नव्हत्या. "मुलगा-सून दोघे नोकरीला. नातू शाळेतून येतो, हिंदीत दोन शब्द बोलतो आणि मोबाइल घेऊन बसतो. दिवसभर मी कुणाशी बोलतच नाही. परवा 'उलथणे' हा शब्दच आठवेना. हातात धरून उभी होते, पण नाव येईना. माझ्या थोरल्या बहिणीचे असेच सुरू झाले होते. शेवटी ती मुलांनाही ओळखत नव्हती."

त्याच आठवड्यात एका बदली तासाला आम्ही त्याच सहावीच्या वर्गात गेलो होतो. सहज विचारले, साठ रुपये किलोचे बटाटे अडीच किलो घेतले तर किती पैसे द्याल? वर्गात शांतता. एक हात वर झाला, तोही विचारायला, "मॅडम, वहीत करू का?" आजींचा प्रश्न आणि वर्गातील ती शांतता ह्या दोन्ही गोष्टी आमच्या मनात एकमेकींना चिकटून बसल्या. एका टोकाला अकरा वर्षांचे मूल, दुसऱ्या टोकाला बहात्तर वर्षांच्या आजी, आणि दोघांच्याही मनाला दिवसभर पुरेसे काम नाही. म्हणून ह्या अंकात नेहमीच्या परीक्षाविषयक सूचना थोडक्यात आटोपून आम्ही ह्याच विषयावर लिहीत आहोत.

प्रथम विद्यार्थ्यांसाठी. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्मरणशक्तीवर एक पुस्तक प्रसिद्ध केले. प्रयोगासाठी त्याला दुसरे कोणी मिळाले नसावे, कारण सर्व प्रयोग त्याने स्वतःवरच केले. अर्थ नसलेल्या अक्षरजुळण्यांच्या याद्या तो पाठ करी आणि काही वेळाने त्यांतले किती उरले हे तपासून पाही. त्याला असे आढळले की विसरण्याचा वेग पहिल्या तासात आणि पहिल्या दिवसात सर्वांत जास्त असतो. पुढे तो मंदावतो. म्हणजे आज वर्गात शिकलेला धडा आज संध्याकाळी एकदा आठवून पाहणे लाभाचे असते.

येथे 'आठवून पाहणे' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला आहे. वाचणे निराळे आणि आठवणे निराळे. अमेरिकेतील सेंट लुइस येथील विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिकी ह्या दोन संशोधकांनी २००६ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. काहींनी तो एकदा वाचला आणि मग उतारा बाजूला ठेवून आठवेल तेवढे कागदावर लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. पण आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा चित्र उलटले. दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवले, आणि एकदा वाचून एकदा आठवणाऱ्यांना ५६ टक्के. पालकांनी हे आकडे नीट पाहावेत. "आत्ताच तर सगळे येत होते, पेपरात काय झाले?" ही घराघरातील तक्रार ह्या दोन ओळींत आली आहे. मूल खोटे बोलत नसते. त्याला खरोखर 'आत्ता' येत असते.

करावयाचे एवढेच. धड्याचे एक पान वाचावे, पुस्तक मिटावे, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहावे. मग पुस्तक उघडून राहिलेले लाल पेनाने भरावे. दुसऱ्या दिवशी पुन्हा, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने. पहिल्या दिवशी कागदावर निळ्यापेक्षा लाल जास्त दिसेल आणि जिवावर येईल. पण ते जड जाणे हीच मेहनत आहे, आणि तीच उपयोगी पडते. आपल्या पूर्वजांना हे पुरते ठाऊक होते. वेदपाठी विद्यार्थी मंत्र नुसता सरळ म्हणून थांबत नसत. पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशा रीतींनी शब्द पुढे-मागे फिरवून म्हणत. आंधळी घोकंपट्टी म्हणून आपण ज्याला नावे ठेवतो त्यात मनाला किती गुंतवून ठेवले होते, हे घनपाठ एकदा ऐकल्यावर कळते.

आता बटाट्यांच्या हिशेबाकडे येऊ. आमच्या पिढीने पाढे दोन भाषांत म्हटले. शाळेत पौआ, अद्धा, पौना, सवैया, ड्योढ़ा, आणि घरी आजोबांसमोर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. आजच्या मुलांना ही नावेही परकी वाटतात, म्हणून सांगतो. पावकी म्हणजे पावाचा पाढा, निमकी अर्ध्याचा, पाऊणकी पाऊणचा, सवायकी सव्वाचा, दिडकी दीडचा, अडीचकी अडीचचा आणि औटकी साडेतीनचा. औट म्हणजे साडेतीन. 'औटघटकेचे राज्य' असे आपण म्हणतो, तेव्हा ते राज्य साडेतीन घटकांचे असते. एक घटका चोवीस मिनिटांची, म्हणजे अवघी चौऱ्याऐंशी मिनिटे! हे सांगितल्यावर परवा वर्गातील एका मुलीने लगेच विचारले, "मॅडम, मग दोन तासांच्या पेपरात किती घटका?" पाच. तिने आमच्या आधी उत्तर काढले.

ज्याला अडीचकी येते त्याला 'अडीच सक पंधरा' ठाऊक असते, म्हणून साठाचे अडीचपट दीडशे हे तो भाजीवाल्याच्या आधी सांगतो. आज कोणी अपूर्णांकांचे पाढे शाळेत सक्तीचे करा म्हटले तर आम्हीच विरोध करू. नाणी गेली, मापे गेली, शेर-मण गेले. पण घरात पिठाचे माप, दुधाचा हिशेब, रिक्षाचे भाडे असतेच. आठवड्यातून एकदा भाजी आणताना हिशेब मुलाने तोंडी करावा आणि मोबाइलने फक्त पडताळा घ्यावा, एवढा क्रम बदलला तरी पुष्कळ झाले.

रस्त्यांचेही तसेच. लंडनमध्ये टॅक्सी चालविण्याचा परवाना हवा असेल तर शहराच्या मध्यभागातील सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ असावे लागतात. एलेनॉर मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ह्या चालकांच्या मेंदूच्या प्रतिमा घेतल्या. जागांची आठवण सांभाळणारा 'हिप्पोकॅम्पस' नावाचा भाग असतो. त्याचा मागचा हिस्सा ह्या चालकांमध्ये इतरांपेक्षा मोठा आढळला. मूळचाच मोठा असेल म्हणून ते चालक झाले असतील, अशी शंका कोणीही घेईल. ती संशोधकांनीही घेतली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पुढच्या अभ्यासात त्यांनी ७९ उमेदवारांना शिकण्यापूर्वी तपासले आणि काही वर्षांनी पुन्हा तपासले. ३९ जण उत्तीर्ण झाले. वाढ ह्यांच्याच मेंदूत दिसली, अनुत्तीर्णांच्या नाही. प्रौढ माणसाचा मेंदूही कामाने बदलतो, हे ह्यातून कळले. आमच्या आठवीच्या मुलांना राजवाड्यापासून स्वतःच्या घरापर्यंतचा रस्ता वळणांसह सांगता येत नाही, तेव्हा आम्हाला ह्या चालकांची आठवण होते.

येथवरचे बहुतेक सर्व शिक्षकांना थोडेफार माहीत असते. पण आजींच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हाला जे सापडले, ते आपल्या समाजाच्या अगदी जिव्हाळ्याचे आहे.

हैदराबाद येथील निजाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस ह्या रुग्णालयात डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांची माहिती तपासली. २०१३ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतील ३९१ रुग्ण दोन किंवा अधिक भाषा बोलणारे होते. एकच भाषा बोलणाऱ्यांच्या तुलनेत ह्या लोकांना आजाराची लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसू लागली होती. भाषा येणारे लोक शिकलेले असतात, हा फरक शिक्षणाचा असेल, असे वाटेल. पण ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते अशा रुग्णांतही हा फरक आढळला, आणि तो सुमारे सहा वर्षांचा होता. दोनहून अधिक भाषांचा मात्र जादा लाभ दिसला नाही. हैदराबाद आपल्याला परके नाही. १९५६ पर्यंत मराठवाडा त्याच राज्यात होता, आणि आजही तेथील कित्येक मराठी घरांत तेलुगू आणि दख्खनी मराठीइतकीच सहज बोलली जाते. आपल्या इंदूरमध्ये मराठी, हिंदी आणि माळवी यांचे जे चालते, तेच तेथे.

असे का होत असावे? दोन भाषा येणाऱ्या माणसाच्या मनात बोलताना दोन्ही भाषा जाग्या असतात. समोर कोण आहे हे पाहून एक भाषा पुढे आणावी लागते आणि दुसरी मागे धरून ठेवावी लागते. हे काम दिवसातून शेकडो वेळा, नकळत होते. मेंदूची जणू ती तालीमच. तज्ज्ञ ह्याला मेंदूची 'राखीव पुंजी' म्हणतात. १९८८ साली अमेरिकेतील कॅट्झमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मृत्यूनंतरच्या तपासणीत असे काही वृद्ध आढळले, की ज्यांच्या मेंदूत अल्झायमरची सर्व चिन्हे होती, पण हयातीत त्यांची बुद्धी शाबूत होती. आजार होता, परंतु पुंजीही होती. पुंजी आजाराला थांबवत नाही, त्याचा खर्च काही काळ भागवते.

सगळे संशोधक ह्याबाबत एकमताचे नाहीत, हेही सांगितले पाहिजे. निरोगी लोकांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणाऱ्या काही अभ्यासांत दोन भाषांचा असा लाभ दिसला नाही. तेव्हा मराठी बोला म्हणजे विसर पडणार नाही, असे औषधाच्या जाहिरातीसारखे वाक्य आमच्याकडून कोणी अपेक्षू नये. परंतु जी गोष्ट आपण तिच्या स्वतःच्या मोलासाठी जपायचीच आहे, तिचा असाही उपयोग असण्याची शक्यता आहे, एवढे तरी पालकांना ठाऊक असावे. "मराठीचा काय फायदा?" असे प्रवेशाच्या वेळी आम्हाला दरवर्षी विचारले जाते. मराठी माणूसच विचारतो.

आमचे स्वतःचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. घरी मराठी, बाहेर हिंदी. ह्या दोन भाषांत सारखे दिसणारे पण निराळ्या अर्थाचे शब्द किती फसवितात, हे आम्ही नोकरीच्या पहिल्याच वर्षी अनुभवले. पालकांसाठी मराठीत पहिली सूचना लिहिली, त्यात मोठ्या आत्मविश्वासाने लिहून गेलो, 'पालकांनी आपल्या पाल्याच्या शिक्षेकडे लक्ष द्यावे.' ज्येष्ठ बाईंनी लाल पेनाने गोल करून शेजारी लिहिले, 'ती आपण देऊ, त्यांनी शिक्षणाकडे पाहावे!' हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. हिंदीत खाली म्हणजे रिकामे, मराठीत वर-खाली मधले खाली. हिंदीत संसार म्हणजे सारे जग, मराठीत चूल-मूल आणि घर. हिंदीतली ताई थोरल्या काकांची पत्नी, मराठीतली थोरली बहीण. राग आणि जागा ह्या शब्दांचे मुलांनी स्वतः शोधावे. असे वीस शब्द जमविणाऱ्याला आम्ही ग्रंथालयातील हवे ते पुस्तक महिनाभर ठेवू देऊ.

काही पालक म्हणतात, आम्ही मुलांना मेंदूचे खेळ असलेले ॲप घेऊन दिले आहे. ठीक आहे, पण त्याकडून फार अपेक्षा नको. २०१६ साली अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने अशा खेळांच्या एका प्रसिद्ध कंपनीकडून २० लाख डॉलर वसूल केले. आमच्या खेळाने म्हातारपणचा विसर लांबतो आणि शाळेत प्रगती होते, असा प्रचार तिने पुरेशा पुराव्याविना केला होता. त्या खेळाने माणूस त्या खेळात पटाईत होतो, एवढे नक्की. भेंड्या लावाव्या, पट मांडावा, नाव-गाव-फळ-फूल खेळावे. ह्यांनी स्मरणशक्ती अमुक टक्के वाढते असे आम्हीही म्हणणार नाही. पण समोर माणूस असतो. तो चिडवतो, फसवतो, हरल्यावर पुन्हा डाव मांड म्हणतो, आणि घरातील तीन पिढ्या एका सतरंजीवर येतात.

हा समोरचा माणूस फार महत्त्वाचा आहे. 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी किंवा लांबविता येण्याजोगी १४ कारणे दिली. ही सर्व दूर झाली तर जगातील जवळजवळ ४५ टक्के रुग्णांचा आजार टळू किंवा लांबू शकेल, असा त्यांचा अंदाज आहे. त्यांत लहानपणी कमी शिक्षण मिळणे आहे, एकटेपणा आहे, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, व्यायामाचा अभाव आहे. आणि कमी ऐकू येणे व नजरेच्या दोषावर उपचार न करणे हीही आहेत. शब्दकोडी सोडवीत बसलेल्या पण रोज फिरायला न जाणाऱ्या आजोबांनी हे वाचावे.

कानाविषयी थोडे अधिक लिहितो, कारण ह्याच सत्रात घडलेली गोष्ट आहे. आमच्या एका विद्यार्थिनीने निबंधात लिहिले, 'माझे आजोबा पूर्वी गोष्टी सांगत. आता ते कुणाशी बोलत नाहीत. बाबा म्हणतात, त्यांना आता काही समजत नाही.' वर्गशिक्षिकांनी तो निबंध आम्हाला दाखविला. आम्ही वडिलांना बोलावले आणि फक्त विचारले की, आजोबांचे कान कधी तपासले होते? कधीच नाही. पुढच्या महिन्यात श्रवणयंत्र आले. आजोबा पूर्वीसारखे झाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण जेवताना कोण काय बोलते ते त्यांना कळू लागले आणि ते मधे बोलू लागले. मुलीच्या शब्दांत, 'आता ते चुका काढतात.' ज्याला ऐकू येत नाही तो हळूहळू संभाषणातून उठून जातो, आणि घरचे लोक समजतात की बुद्धी गेली. आपल्या घरी असे कोणी गप्प झाले असेल, तर त्यांना म्हातारे म्हणून सोडून देण्यापूर्वी कान आणि डोळे तपासून घ्यावेत, ही हात जोडून विनंती.

मन लागणे ही काही केवळ म्हातारपणची चिंता नाही. सुट्टीच्या दिवशी चार तास मोबाइल पाहिलेले मूल संध्याकाळी चिडचिडे असते आणि चार तास पतंग उडविलेले मूल दमून आनंदी असते, हे सर्व आयांना माहीत आहे. पतंगात वाऱ्याचा अंदाज, मांज्याची ढील, शेजारच्या गच्चीवरचा शत्रू ही सगळी कामे मनाला असतात. कंटाळा आला असे मूल म्हणाले की लगेच हातात काही देऊ नये. थोडा वेळ कंटाळू द्यावे. बहुतेक मुले अर्ध्या तासात काहीतरी उद्योग काढतात. (तो उद्योग घराला परवडेलच असे नाही, हे आम्ही वसतिगृहाच्या अनुभवावरून सांगू शकतो.)

विश्वस्त मंडळींपुढे एक निवेदन आहे. पुढील वर्षाच्या वेळापत्रकात ग्रंथालयाचा तास कमी करून तो संगणकाला द्यावा असा प्रस्ताव आला आहे. संगणक हवा, त्याबद्दल वाद नाही. पण आठवड्यातून एकदा मूल चाळीस मिनिटे एका जागी बसून मराठी पुस्तक वाचते, असा तेवढाच एक तास आपल्याकडे उरला आहे. तो जाऊ नये. संगणकासाठी शनिवारचा शेवटचा तास देता येईल आणि त्याची आखणी आम्ही करून ठेवली आहे.

आता त्या आजींच्या गृहपाठाचे. विचाराअंती आम्ही इयत्ता पाचवी ते आठवीसाठी 'दोन पिढ्यांची वही' सुरू केली आहे. डाव्या पानावर मूल आजी किंवा आजोबांना विचारून लिहील: आज घरात न ऐकू येणारा एक शब्द, एक कोडे, एक तोंडी हिशेब किंवा त्यांच्या लहानपणच्या शाळेचा रस्ता. उजव्या पानावर आजी-आजोबा स्वतःच्या अक्षरात लिहितील, पण ते मुलाने शिकवलेले असेल. लिहिता येत नसेल तर सांगावे, मूल लिहून घेईल. सोमवारी वही तपासली जाईल, दोन्ही पाने. शुद्धलेखनाचे गुण कापले जाणार नाहीत, कारण मग आम्हालाही आमची ती जुनी सूचना बाहेर काढावी लागेल.

पहिल्या आठवड्यात त्या आजींची वही आली. डाव्या पानावर नातवाने लिहिले होते: उलथणे, झारा, सांडशी, रवी, पाटा-वरवंटा, आणि प्रत्येकाचे चित्र. झाऱ्याला सात भोके, मोजून. उजव्या पानावर आजींनी थरथरत्या पण वळणदार अक्षरांत लिहिले होते की, नातवाने त्यांना मोबाइलवर मराठीत टंकलेखन शिकविले आणि पहिला निरोप त्यांनी पुण्याच्या भाचीला पाठविला. खाली एक ओळ होती, 'मॅडम, गृहपाठ थोडा आहे. वाढवावा.'

वह्या ग्रंथालयात ठेवल्या आहेत. ज्यांच्या घरी आजी-आजोबा नाहीत त्यांनी शेजारच्या किंवा नात्यातील ज्येष्ठांसाठी घ्याव्यात. पालकांना स्वतःसाठी हवी असल्यास तीही मिळेल.